पोच

बाईंचा पहिला अर्ज मी घेतला तेव्हा
माझ्या टेबलाला तीनच पाय होते,
चौथ्याच्या जागी जनगणनेचा जाडजूड अहवाल.
महापालिका, आवक-जावक, जिन्याखालची खिडकी.
फूलस्केपवर हातानं लिहिलेलं :
'ओढ्यात राडारोडा टाकणे थांबवण्याबाबत.'
खाली सही, चंद्रप्रभा केंजळे, भूगोल शिक्षिका,
आणि संस्थेचं लांबलचक नाव. संस्था म्हणजे तेव्हा
बाई, एक निवृत्त मोजणीदार आणि एक सायकल.
मी शिक्का मारला. बाई हलेनात.
म्हणाल्या, "पोच द्या."

वर्षं गेली म्हणतात तशी ती गेली नाहीत,
नोंदवहीत चढत राहिली.
लेटरहेड आलं, त्यावर नोंदणी क्रमांक आणि एक खंड्या.
पुढच्या छपाईत खंड्या जरा जाडा झाला.
मोजणीदार वारले,
त्यांचा पितळी कडीचा कापडी टेप बाईंकडे राहिला.
पोरं आली, काही टिकली.
एक हुशार पोरगा बिल्डरांचा सल्लागार होऊन
सुनावणीत समोरच्या खुर्चीत बसला.
बाईंनी त्याला एवढंच विचारलं, "डबा आणलायस का?"

झाडांवर नोटिसा खिळ्यांनी ठोकलेल्या असायच्या.
बाईंच्या पिशवीत पक्कड.
खिळा उपसायच्या,
आणि तोच कागद सुतळीनं त्याच झाडाला बांधायच्या,
कारण नोटीस काढणं बेकायदा.
हरकत मुदतीच्या शेवटच्या दिवशी,
पाच वाजायला दहा कमी असताना,
मी खिडकी लावणार तेवढ्यात.

आम्ही आत हसायचो. 'आल्या ओढेबाई.'
कुणी त्यांना विकासविरोधी म्हटलं, कुणी सत्कार केला.
सत्काराची शाल आमच्या शिपायाच्या आईकडे गेली.
जिंकल्या काय, तर
एका मोरीचं तोंड दोन फूट रुंद,
बावीस झाडं, त्यांतली सहा नंतर वाळली,
नकाशावरची निळी रेषा एकदा मूळ जागी,
तीही पुढच्या आराखड्यात सरकली.
हरल्या ते पाहायचं तर
माझ्याकडे बारा नोंदवह्या आहेत.

मी फ्लॅट घेतला धनकवडीच्या उतारावर.
इमारतीचं नाव 'निर्झर'. तेव्हा काही खटकलं नाही.
एका सप्टेंबरात, रात्री, दीड तासात
पाणी जिन्याच्या आठव्या पायरीला.
नवव्या पायरीवर मी,
काखेत शेजाऱ्यांचं पोर, त्याच्या हातात टीव्हीचा रिमोट.

चिखल उपसल्यावर चौथ्या दिवशी
रेकॉर्ड रूममधून फाइल काढली.
आवक क्रमांक ४४१७. आमचाच सर्व्हे नंबर.
ओढ्याचं पात्र अकरा मीटरचं चार होत असल्याबाबत.
माझा शिक्का, माझी तिरकी सही, चहाचा गोल डाग.
शेवटची ओळ : 'येथे राहावयास येणाऱ्यांस
ही बाब कळवावी, ही विनंती.'
कळवलं होतं. मलाच कळवलं होतं.
तीस वर्षं मी लोकांना पोच देत आलो,
मला स्वतःला ती कधी नव्हती.

बाईंनी अध्यक्षपद सोडलं त्या रविवारी
शाळेच्या सभागृहात एकच पंखा फिरत होता.
नवी अध्यक्ष, शर्वरी गव्हाणे,
"मला भाषण येत नाही" म्हणाली आणि खाली बसली.
मी मागच्या बाकावर, माफीचं वाक्य जुळवत.
बाई सरळ येऊन म्हणाल्या,
"निवृत्त झालात ना? मग सोमवारी सकाळी मोकळे."

तर आता टेपचं एक टोक माझ्या हातात,
पाय घोट्यापर्यंत गाळात, वास येतोय.
पलीकडच्या काठावर बाई, मुलाचे जुने गमबूट घालून.
"किती?"
वाकून पाहिलं. चष्मा पुसून पुन्हा पाहिलं.
"तीन मीटर सत्तर!"
"लिहा," त्या ओरडल्या,
"आणि टेप ताठ धरा."