बेटाचं माप

लॅम रोडला, नाक्याच्या अलीकडे, माझं दुकान.
पाटीवर अजून सासऱ्यांचं नाव:
द. का. निकुंभ, मिलिटरी टेलर्स, देवळाली कॅम्प.
आत मी, पायमशीन,
आणि पितळी बटणांना लावायच्या ब्रासोचा वास.

द्राक्षांच्या डिपिंगच्या दिवसांत तो आला.
तोफखान्याच्या कोर्सला, परदेशी, कॅप्टन इलारी.
खांदा साडेसतरा, छाती अडतीस,
डावा हात उजव्याहून पाव इंच लांब.
वल्ह्यामुळे, म्हणाला.

बिल कुणाच्या नावे फाडू?
संरक्षण मंत्रालयाच्या.

मी पेन थांबवलं.
मंत्रालय म्हटलं की मला आठवतो पास, रांग,
दिरांच्या पेन्शनच्या फायलीमागे चढलेले पाच मजले.
तो म्हणाला, दोन खोल्या आहेत.
खाली बर्फाचा कारखाना.
मंत्र्यांकडे टपाल आहे, नारळसुद्धा.
एक टायपिस्ट बाई. एक बोट, ती दुरुस्तीला.
दुपारी फार उकडलं की अख्खं मंत्रालय
जिना उतरून बर्फाच्या लाद्यांशेजारी बसतं.

तेवढ्यात रेंजवर फायरिंग सुरू झालं.
आमच्याकडे मान वर करत नाही कोणी.
मांडणीवरचे पेले किणकिणतात,
भगूरच्या बाजूला एखादं कुत्रं भुंकतं,
दूध उतू जायचं ते जातंच.
त्याने मात्र माझा खडू उचलला
आणि कापायच्या टेबलावर बेट काढलं,
आंब्याच्या कोयीसारखं.
हा धक्का. ही शाळा. हे आईचं घर. हे मंत्रालय.
या टोकापासून त्या टोकापर्यंत अकरा किलोमीटर.
आणि तुमची ती तोफ, सतरा.

कोयीच्या एका टोकाला बोट ठेवून
त्याने हवेत एक कमान काढली,
शाळेवरून, आईवरून,
पलीकडे जिथे टेबल संपतं तिथवर.
आम्ही दोघं हसलो.
मग तोच गप्प झाला.

कुणी मोठा देश त्यांना एक तोफ देतोय. फुकट.
घ्यावी की नाही, याचा अहवाल
त्याने इथे शिकून लिहायचाय.

मी काय सांगणार?
माझ्याकडे लोक मेलेल्यांचे कोट आणतात,
म्हणतात, मावशी, जरा बसता करून द्या.
शिवण उसवते, बाजूने आत घेते,
तरी खिशात हात घातला की
दुसऱ्याच माणसाची खोली लागते.
पण कोट निदान आत घेता येतो, साहेब.
तोफ कुठून आत घ्यायची?

त्याने ते वहीत लिहून घेतलं की
नुसताच दोन रुपयांचा हिशेब केला, ठाऊक नाही.
मार्चात गेला. ड्रेस छान बसला होता.
बेट टेबलावर राहिलं. त्यावरच मी
सुभेदार गांगुर्ड्यांच्या पँटचं कापड पसरलं,
ते उलटं उमटलं, आतल्या बाजूने.

पत्र आलं दिवाळीनंतर.
तिकिटावर नारळाचं झाड, खाली त्याच मंत्र्यांची सही.
मागचं बिल चुकतं. सोबत नवी ऑर्डर:
मेणकापडाची एक खोळ,
लांबी बावीस फूट, एका टोकाला निमुळती,
खाऱ्या वाऱ्याला टिकेल अशी.
माप सगळं आहे.
कशावर घालायची, ते टायपिस्ट बाईने लिहिलेलं नाही.

बोटही पुढे निमुळती असते.
मी पत्र उजेडात धरून पाहिलं,
मुलाला विचारलं, सुभेदारांना विचारायचं टाळलं.
संध्याकाळी शटर अर्धं ओढून
फरशीवर कापड अंथरलं, दुकानात मावेना,
अर्धं बाहेर ओट्यावर.
गुडघ्यांवर सरकत खुणा केल्या.
दुहेरी दोरा घेतला.
आणि कडेला, नेहमी सोडते त्यापेक्षा
दोन बोटं जास्त माया सोडली.