बावीस शतांश

आबांचा लेथ बटाल्याचा, साडेचार फुटी.
सेलूच्या स्टेशनवरून हातगाड्यावर घरी आला
तेव्हा मी पोटात होते, म्हणे.
म्हणजे वयानं तो मला तीन महिन्यांनी मोठा.

आता माझ्या हातात ॲलन की आहे
आणि वाळूजच्या भंगारातून वजनावर आणलेला बॉलस्क्रू,
वर्तमानपत्रात गुंडाळलेला, पडवळासारखा.
दोन स्टेपर मोटारी.
एक जुना कॉम्प्युटर, ज्याच्या पंख्यात
अजून झेरॉक्सच्या दुकानाची धूळ.

आबा शेडच्या दारात, तंबाखू मळत.
"कामून खोलायलीस चांगली चालती मशीन?"
चांगली चालती, हो.
पण कंपनीत मी पाळीला तीनशे बुश काढायचे
हिरवं बटण दाबून,
आणि तुम्ही इथं तीस काढता
आणि रात्री खांदा धरून बसता.
हे मी बोलले नाही.
"बघू," एवढंच म्हणाले.

आडव्या स्लाइडचं हँडल निघता निघेना.
डिझेल सोडलं, रात्रभर ठेवलं,
सकाळी लाकडी हातोडीचे दोन टोले.
आत ग्रीस. ग्रीसखाली कुंकू,
एकोणतीस खंडेनवम्यांचं, काळं पडून दगड झालेलं.
हँडलची मूठ एकाच अंगानं झिजलेली,
अंगठ्याच्या.
माझ्या हातात ती बसत नाही.

बॉलस्क्रू एकच परवडला, तो लांबीच्या अंगाला गेला.
आडवा स्क्रू जुनाच.
डायल लावून पाहिलं तर
स्क्रू फिरतो आणि स्लाइड जागची हलत नाही,
बावीस शतांश मिलिमीटर.
"आबा, एवढ्या ढिलाईत
तुम्ही बेअरिंगची जागा काढत होतात?"

ते उठले. हात हवेत धरला
हँडल नसलेल्या जागी.
मनगट थोडं मागं, मग जरा जास्तच मागं,
मग पुढं.
"एकाच बाजूनं गाठायचं नेहमी.
उलट्या बाजूनं गेलं की लबाड बोलतंय ते."

मी सेटिंगच्या चौकटीत टाइप केलं
शून्य, टिंब, दोन, दोन.
"झालं?"
"झालं."
त्यांनी बाहेर जाऊन तंबाखू थुंकली
आणि बराच वेळ आले नाहीत.

पहिलं काम गफूरभाईच्या रसवंतीचे बुश, पितळी, बारा नग.
मोटारींना कंठ फुटला,
डास आणि बाजाची पेटी यांच्या मधला.
"रडायलीय का ही?"
"नाही आबा, पावलं मोजायलीय."
पितळ तुटक तुटक उडत होतं, बारीक शेव.
पहिला बुश त्यांनी गेजमध्ये घातला,
काढला, पुन्हा घातला,
आणि सदऱ्याच्या खिशात ठेवला.

सातव्याला लाइट गेली.
टूल पितळात रुतलेलं.
"आता?"
"आता लाइट आली की हिला आठवणार नाही
ही कुठं उभी होती.
आधी होमला न्यावं लागेल."
"कशाचा होम?"
"घर, आबा. तो कोपरा, तिथं स्विच लावलाय.
तिथं टेकली की हिला कळतं आपण कुठं.
पण त्याआधी टूल बाहेर काढावं लागेल."

मोटारीच्या मागच्या शाफ्टला
मी एक टोक मोकळं सोडलं होतं.
कशाला ते सांगितलं नव्हतं.
फळीवरचं हँडल त्यांनी आपणहून आणलं,
बसवलं, फिरवलं.
हात गेला, स्लाइड नाही.
"हे तुझे बावीस," म्हणाले,
आणि मग टूल हळूच सुटलं
ओरखडा न काढता.

संध्याकाळी गफूरभाई बुश घेऊन जाताना म्हणाला,
"मिस्त्री, कॉम्प्युटरनं केलं ना,
मग भाव तोच कामून?"
आबांनी पैसे मोजले, दोनदा.
"लाइट गेली होती," म्हणाले.