दोन घंट्या

मुक्कामी गाडी साडेआठला पिंपळखुट्यात टेकते.
पुढे रस्ता नाही, नाला आहे.
ड्रायव्हर टपावर झोपतो,
मी अंगणवाडीच्या खोलीत, वेबिल उशाशी घेऊन.

नऊला लोकेश कोहपरेचा फोन.
चार वर्षं माझ्या गाडीचं स्टेअरिंग त्याच्या हाती होतं,
आता जर्मनीत, ऑस्ट्रियाच्या शिवेवर बस चालवतो.
शेवटच्या थांब्यावर अकरा मिनिटं सुट्टी असते,
त्यातली आठ माझी.

"ताई, इथं कंडक्टर नाय."
मग पैसे कोण घेते?
"कोणीच नाय. लोकं चढतेत, बसतेत.
कधीमधी साध्या कपड्यातला माणूस तपासते."
मी मशीनकडं पाहिलं.
आज एकोणसाठ तिकिटं, एकतीस अर्धी,
आणि एक बकरी, जिच्यावरून भांडण झालं.

एकच तिकीट म्हणे बसला चालतं, ट्रामला चालतं,
हॅम्बुर्गात तर बोटीलाही.
कंपन्या निरनिराळ्या,
डोकी मोजून मागाहून पैसे वाटून घेतात.
काळीपिवळीवाल्या रज्जाकभाईला सांगते, म्हटलं.
दोघंही हसलो.

उशीर झाला तर एकवेळ चालते, तो म्हणाला,
वेळेआधी निघालं की मेमो.
काल पहाटे पाच बाराचा थांबा,
दोन्ही अंगाला कापलेला मका, धुकं,
कुत्रंही नाही,
आणि हा चाळीस सेकंद लवकर.
दार उघडून बसला.
खांबावरचं वेळापत्रक तेवढं उजेडात.

इथं सहाची गाडी सहा पाचला निघते,
कारण मडावींची पोर
एक वेणी घातलेली, एक हातात धरून
अजून चावडीपाशीच असते,
आणि तिचा डबा आधीच बोनेटवर येऊन बसलेला.

"वेळ झाली, ताई, पण गाडी हलवाच वाटेना.
मागून घंटी नाय आली ना."

मी चपला न घालता बाहेर आले.
मोहाखाली गाडी, आत डिझेल आणि लसणाचा वास.
अंधारात दोरी सापडायला मला हात लागत नाही.
फोन वर धरला
आणि दोनदा ओढली.

पलीकडं फुस्स करून दार लागलं.

टपावरून ड्रायव्हर ओरडला,
"काहून वं, उजाडलं काय?"