नमुना ४७, घलीला

कंपनीला भराव हवा आहे, धक्क्यासाठी.
शाम गावाच्या अलीकडे, जिथं डोंगर
पायऱ्या न घेता आखातात उतरतो,
तिथला काळपट शेल गुलबहारनं बादलीतून आणला,
माझ्या टेबलावर ओतला,
म्हणाला, इसमें हड्डी है.

हाडं नव्हती.
पापुद्र्यांत चेपून बसलेल्या शिंपल्या,
अर्धा शंख,
आणि एक वाटोळा, पुरीएवढा,
आत भिंतीमागे भिंत घातलेला.

लॅबच्या फॉर्मवर ह्याला रकाना नाही.
'इतर' आहे. 'इतर'मध्ये मी आजवर
मुळं लिहिली, काटक्या लिहिल्या,
एकदा चपलेचा अंगठा.

फोटो आईला पाठवला, निवतीला.
ती मासळीच्या पाटीवरूनच बोलली:
"हे मुळे. ही तिसरी, पण केदी ती!
हिका कोणी खाल्ल्यान नाय कशी?"
मग बराच वेळ नुसते कावळे.
"गोल आसा तो माकलाचो कोणतरी.
डोळे खंय गेले तेचे?"

शेलची परीक्षा साधी.
दहा तुकडे भट्टीत वाळवायचे, तोलायचे,
जाळीच्या पिंपात घालून पिंप अर्धं बुडवायचं
आणि फिरवायचं. दहा मिनिटं, दोनशे फेरे.
पाणी नळाचं.
त्या दिवशी मी कॅन घेऊन खाली गेलो
आणि समुद्राचं आणलं.
नियमात बसत नाही ते.

दगड लगेच सुटला.
पाणी राखाडी, मग शाईसारखं.
चिखलाला आठवलं आपण चिखल होतो
आणि पिंपात खुळखुळ सुरू झाली,
ओहोटीला लाट मागे जाताना
आमच्या पुळणीवर होते, तीच.

वीस कोटी वर्षांनी
दहा मिनिटं.

मोटार थांबली. जाळीत
तिसऱ्या होत्या, मुळे होते.
वाटोळा दुभंगून पडलेला,
भिंती शाबूत,
एकेका खणात घोटभर आखात.
ते सांडू नये म्हणून मी उगाच
हात आडवा धरून उभा.

रिपोर्ट: पाण्यात टिकत नाही. भरावास अयोग्य.
शेजारचा चुनखडक पास झाला,
सोमवारी तिथं सुरुंग.

'इतर'मध्ये रोमन अक्षरांत लिहिलं,
माकलाचो कोणतरी.
रिफअतसाहेबांनी चष्मा वर केला, हे काय?
शास्त्रीय नाव, म्हटलं.
त्यांनी सही केली.