आरपार दगड

दुपारी तीनला लातुरात लाइट गेली,
इन्व्हर्टरवर माझा एकटा मायक्रोस्कोप.
काचेवर सोजरआत्या आहे,
जठराचा तुकडा, कणीएवढा.
रंग मीच चढवलाय.

जिथं प्रथिन शाबूत
तिथं प्रत्येक पेशीच्या कडेनं तपकिरी रेघ, मोहोळागत.
कॅडहेरिन. पेशीच्या कातडीतून आरपार जातं,
आत दोऱ्या धरतं, बाहेर शेजारणीचा हात.
आत्याच्या काचेवर रेघ अर्ध्यात संपते.
पुढे सुट्या पेशी, केंद्रक कडेला सारलेलं,
अंगठ्याच अंगठ्या, बोट कुणाचंच नाही.

बाहेर बाकावर अण्णा. बंकट गवंडी.
त्यांना म्हटलं, सोळाव्या गुणसूत्रावर एक जनुक असतं,
आत्याच्यात एक अक्षर चुकलं,
म्हणून पेशी एकमेकींना धरत नाहीत.
"म्हंजी आरपार दगडच न्हाई."

त्र्याण्णवच्या पहाटे
औशाच्या खालच्या अंगाला
दोन-दोन हात रुंद भिंती पोटातनं फुटल्या.
बाहेरचा थर बाहेर गेला, आतला माणसांवर.
मधे नुसती माती होती.
नंतर सहा वर्षं अण्णा गावोगाव
उभ्या भिंतींना भोकं पाडत हिंडले,
या तोंडापासून त्या तोंडापर्यंत
एकेक सांधा बसवत.

"अन् हे धरतं कशाच्या जोरावर?"
कॅल्शियमच्या. ते नसलं तर लुळं पडतं.
"चुना की मग," अण्णा म्हणाले,
आणि पहिल्यांदाच माझ्या नोकरीकडे
धंदेवाल्याच्या नजरेनं बघितलं.

त्यांचंही रक्त पाठवलं होतं. तीच चूक.
वय एकाहत्तर, रोज ज्वारीची भाकर, जवसाची चटणी,
कधी आंबट ढेकरसुद्धा नाही.
"माझ्यातबी न्हाई? आन् मी उभा कसा?"
प्रती दोन असतात, अण्णा. तुमची दुसरी धड आहे.
"ती कवा जाती?"
जाईल किंवा नाही जाणार.
"आन् तुझं?"
मंगळवारी कळेल.

ते उठले. दाराच्या चौकटीशेजारी
गिलावा जरा फुगलाय, वर्षभर मी रोज बघते.
बोटाच्या पेरानं त्यांनी दोनदा वाजवलं,
कान लावला.
"पोकळ हाय हितं. सायबाला सांग."
मग थोडं वर वाजवलं,
मग त्याच्याही वर,
स्टुलावर चढून,
जिथवर हात पुरला तिथवर.