अकरा मिनिटं

रात्री एकच्या सुमारास रस्त्याकडेला
पिंपात रंग उकळत होता.
शेवटची फेरी संपवून मी डेपोला चाललो होतो,
गाडी रिकामी, आतले दिवे घालवलेले.
एक पोरगा वाकून पट्टा ओढत होता,
इतका सरळ, की माझीच पाठ ताठ झाली.
'काका, उद्यापासून ही लेन तुमची,' म्हणाला,
'सुकेपर्यंत तेवढं चाक बाजूनं घ्या.'

बावीस वर्षं या रस्त्यावर
मी उरलेल्या जागेतून बस नेली.
रिक्षाच्या आरशाला आरसा न लावता,
टेम्पोच्या फळीवरचा मजकूर पाठ होईपर्यंत थांबून,
क्लच, ब्रेक, क्लच.
डाव्या गुडघ्याचा फोटो बघून डॉक्टरीणबाईंनी विचारलं,
डोंगर चढता का?
म्हटलं, नाही. कुर्ला ते सायन.

सकाळी लेनच्या तोंडाशी नारिंगी कोन,
इस्त्री केलेल्या जाकिटातला वॉर्डन.
नारळ फुटला, पाणी काचेवर उडालं,
मी वायपर लावला.
साहेबांनी हिरवा झेंडा हलवला
आणि आपल्या मोटारीत बसून
पलीकडच्या गर्दीत अडकले.

कुंदा भोगलेनं डबल बेल दिली.

समोर रस्ता.
नुसता रस्ता.
खुंट्याचं जनावर सोडलं तरी
दाव्याच्या मापातच फिरतं काही वेळ,
तसा मी रांगत राहिलो दुसऱ्या गिअरमध्ये,
कोणी आडवं येईल म्हणून.
कोणी आलं नाही.
(एक बाइकवाला आला. त्याला कुंदानं खिडकीतून
त्याच्या आईची आठवण करून दिली.)
मग तिसरा. मग चौथा,
जो दिवसाउजेडी इथे पडलेला मी पाहिला नव्हता.
दांडी आधी अडली, मग गेली.
मागच्या सीटवर डुलकी घेणारे दचकून उठले.
'काय झालं?'
'काही नाही,' कुंदा म्हणाली, 'गाडी चाललीय.'

डावीकडे इसाकचाचांची पंक्चरची टपरी होती.
टबातलं पाणी सांडून सांडून पडलेला
काळा डाग तेवढा राहिलाय,
पट्टा बरोबर त्याच्यावरून जातो.
इतकी वर्षं मी त्यांना वळसा घालून गेलो,
शिव्या घालत गेलो.
आज वळायला जागाच नव्हती.
चाक डागावरून गेलं, काही लागलं नाही चाकाला.

चक्कीच्या स्टॉपला पोचलो तेव्हा आठ एकेचाळीस.
वेळापत्रकात आठ एकेचाळीसच आहे,
छापल्यापासून आहे.
स्टॉपवर एक कुत्रं आणि एक ओली छत्री.
माणूस नाही.
कारण माणसं येतात आठ बावन्नला.
अख्ख्या वस्तीनं माझा उशीर पाठ केलेला,
त्या अकरा मिनिटांत कोणाचं पाणी भरून होतं,
कोणाची पोळी फुगते,
कोणी नुसतं दारात उभं राहतं.

गल्लीच्या टोकाला सरोज पगडे दिसत होती,
हॉस्पिटलच्या लाँड्रीत जाते ती,
नळावर पोराचं तोंड धूत होती, सावकाश.
हॉर्न दिला तर म्हणेल, दुसऱ्या कोणाची गाडी असेल.
कुंदाचा हात दोरीवर. दोरी ताणलेली.
घंटी नाही.
मागून हॉर्न. आपल्याच डेपोची बस,
आपल्याच लेनमध्ये, आपल्यासारखीच वेळेवर.
आता पुढं घ्यायला हवी होती.
घेतली.

आरशात ती आली, रोजच्या चालीनं,
गाडीची पाठ बघून थबकली.
मोबाइल काढला, बघितला,
हलवून पुन्हा बघितला.

सायनच्या चौकीवर चहा मी बसून प्यायलो.
गुडघा गप्प होता.
स्टार्टरनं वहीत वेळ लिहिली, खोडली,
माझ्या तोंडाकडे बघून परत लिहिली.

दुसऱ्या दिवशी आठ चाळीसला सरोज स्टॉपवर,
कडेवर पोर, त्याचा एक बूट तिच्या हातात.
पायरी चढताना धापा टाकत म्हणाली,
'तुम्ही सुधारलात, मास्तर.
आता आमचं काय?'
कुंदानं तिकीट फाडलं.
मी बूट घालून होईपर्यंत थांबलो,
मग गाडी काढली.