एकच लायसन

पावणेतीन. चटईचा एक्स्ट्रूडर गार.
लॅपटॉपात दोन बिऱ्हाडं: बाहेर यजमान,
आत पाहुणा, जुनं विंडोज,
कारण जुन्या पीएलसीला तेवढंच समजतं.
लायसन एकच.
पाहुण्याला दिलं की यजमान म्हणतो, सापडत नाही.

लोटू फेगडे थर्मास उघडतो:
'भादलीले दोन भावांत एकच चष्मा होता.
बाबा पेपर वाचत, काका तोवर नुसतं ऐकत.'

एवढ्यात पाहुणा गोठला,
लायसन मुठीत धरून.
यजमान मागतोय. उत्तर येतं: वापरात आहे.

'मग चष्म्याचं काय झालं?'
'काका वाचता वाचता गेले.
उचलेपर्यंत बाबांनी डोळ्यांवरून काढला नाही.'

जळगावच्या या शेडमध्ये अर्धी हिरवी चटई
रोलरवर तशीच.
पाहुण्याला मी अजून बंद केलेलं नाही.